आधी काडी बघा, मग कात्री लावा: वसंतात फुलणाऱ्या झुडपांची घरच्या बागेतली छाटणी

गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या रो-हाउसमध्ये नवीनच राहायला आलेली सून कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "काकू, तुमचा मोगरा रोज ओंजळभर फुलतो आणि आमच्याकडे नुसती पानंच पानं. माती तीच, पाणी तेच, मग असं का?"

पलीकडे जाऊन बघितलं. झाड कमरेच्या वर गेलेलं, हिरवंगार, पण मधे काड्यांचा नुसता गुंता. कळी एकही नाही. "याला कात्री कधी लावलीस?" म्हटलं, तर ती म्हणाली, "लावलीच नाही. एवढं हिरवं झाड कापायचं जिवावर येतं हो."

जिवावर येतं हे खरं. पण द्राक्षांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना छाटणीची भीती वाटायला नको. माझं माहेर दिंडोरीकडचं. वर्षातून दोनदा अख्खी बाग कापून काढतात आणि तरीच माल येतो, हे मी लहानपणापासून बघत आले. मोगलाईत आमच्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत. आता घरं लहान झाली, अंगणाच्या गच्च्या झाल्या, तरी चार कुंड्यांत वसंत फुलवता येतो. त्यासाठी काय, कधी आणि कसं करायचं ते इथे सविस्तर सांगते.

नवी काडी की जुनी काडी?

कुठल्याही झुडपाला कात्री लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: याचं फूल कुठल्या काडीवर येतं?

काही झाडांना नव्या फुटीवर फूल येतं. छाटलं, की नवे डोळे फुटतात, कोवळी काडी वाढते आणि तिच्यावर कळी लागते. मोगरा, बोगनवेल, मधुमालती, जास्वंद, गुलाब ही या गटातली. यांना फुलण्याच्या हंगामाआधी कापायचं.

दुसऱ्या गटातली झाडं मागच्या वर्षी वाढलेल्या काडीवर फुलतात. अनंत आणि यस्टरडे-टुडे-टुमारो ही त्यातली. यांच्या कळीची तयारी आपल्या डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी काडीत सुरू झालेली असते. यांना हंगामाआधी कापलं, तर त्या वर्षीचा बहारच कापून टाकल्यासारखं होतं. यांची छाटणी फुलं संपल्यावर लगेच करायची.

द्राक्षबागायतदारांच्या घरात हे वेगळं समजवावं लागत नाही. एप्रिलमध्ये नव्या काडीसाठी खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आसपास फळासाठी गोडी छाटणी होते. ऑक्टोबरनंतर जो घड दिसतो, त्याची सूक्ष्मघड निर्मिती मे-जूनमध्येच डोळ्याच्या आत झालेली असते. बाहेरून बघाल तर नुसती काडी, आत मात्र घड तयार. अनंताचं बरंचसं असंच.

हे मला माहीत असूनही मी एकदा चुकले. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःची बाग झाली, तेव्हा संक्रांतीच्या सुट्टीत उत्साहाच्या भरात मोगऱ्याबरोबर अनंतही गुडघ्याइतका कापला. मोगरा मार्चमध्ये फुलला. अनंताला त्या उन्हाळ्यात एकही फूल आलं नाही. भाऊ आला होता, त्याने झाडाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "ताई, आधी काडी बघायची, मग कात्री लावायची." तेव्हापासून माझ्या प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं आहे, 'नवी' किंवा 'जुनी'. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हे जरूर करावं. जानेवारीच्या थंडीत, हातात कात्री असताना, हमखास आठवतंच असं नाही.

लावताना

झाड जमिनीत लावायचं तर मृगाचा पाऊस पडून माती ओली झाली की लावा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात तडकते. नुसत्या काळ्या मातीत मोगऱ्याची मुळं गुदमरतात. खड्ड्यातली निम्मी माती, त्यात पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि पाव भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, वर दोन मुठी निंबोळी पेंड, हे प्रमाण मला वर्षानुवर्षं चांगलं लागू पडलं आहे.

नव्या सोसायट्या आणि रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. बिल्डर अंगणात जी माती भरून देतात, तिच्यात पुष्कळदा बांधकामाचा राडारोडा असतो: सिमेंट, चुना, विटांचे तुकडे. वर चार इंच लाल माती पसरलेली असते, म्हणून कळत नाही. चुन्याने माती विम्ल (अल्कलीयुक्त) होते, मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. बोअरचं क्षारांचं पाणी असेल तर आणखी भर. खड्डा खणताना राडारोडा लागला तर तो काढून टाका, मोठा खड्डा घ्या. पानं पिवळी झालीच, तर एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून, थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर मात्र हे पाणी सांडू देऊ नका, तांबडे डाग पडतात आणि निघता निघत नाहीत.

गच्चीवर असाल तर 14 इंचांची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग घ्या. लहान कुंडीत मोगरा जगतो, पण फुलत नाही. ऊन किमान सहा तास हवं. मोगऱ्याला फूल न येण्यामागे छाटणीच्या खालोखाल सावली हेच कारण असतं. आंब्याच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीतल्या मोगऱ्याला कितीही खत घाला, पानंच येतील.

मोगरा: ताणापासून गजऱ्यापर्यंत

सगळ्यात जास्त मोगऱ्यावरच लिहिणार आहे, कारण बहुतेकांकडे तोच असतो आणि त्याच्याच छाटणीत सगळ्यात जास्त फायदा आहे. साधा मोगरा असो, मदनबाण असो, बटमोगरा असो, पद्धत एकच.

डिसेंबरच्या मध्यापासून ताण द्यायला सुरुवात करा. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातले डाळिंबवाले आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून बाग ताणावर सोडतात, तसंच. जमिनीतल्या झाडाचं पाणी दोन ते तीन आठवडे पूर्ण बंद. कुंडीतल्या झाडाला मात्र एवढा ताण झेपत नाही. आठ-दहा दिवस पाणी निम्म्यावर आणा, माती अगदी कोरडीठाक होऊ देऊ नका. पानं मलूल दिसतील, काही पिवळी होऊन गळतील. घाबरू नका, वाढ थांबवण्यासाठीच तर हे करतोय.

छाटणी संक्रांतीनंतर. पुष्कळ ठिकाणी डिसेंबरमध्येच छाटा असं सांगतात, पण आपल्याकडची थंडी वेगळी. एखाद्या वर्षी निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो आणि नाशिकलाही पहाटे हात गारठतात. अशा थंडीत छाटलेल्या मोगऱ्याचे डोळे महिनाभर गप्प बसून राहतात, किंवा फुटलेच तर कोवळे शेंडे करपतात. म्हणून थंडीचा जोर ओसरायला लागला, की जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कात्री हातात घ्यावी.

कात्री म्हणजे सिकेटर. द्राक्षबागेत वापरतात तीच, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. घरातली कापडाची कात्री नको, तिने काडी चेंगरते आणि चेंगरलेल्या जागी कुज लागते. छाटणीआधी पातं डेटॉलच्या किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा पुसा.

आता झाडासमोर खाली बसा. उभ्याने छाटणी करू नका, बुडातलं काही दिसत नाही. आधी वाळलेल्या काड्या काढा. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेलेली. मग एकमेकींना घासणाऱ्या, झाडाच्या आत वळलेल्या आणि काडेपेटीतल्या काडीइतक्या बारीक फांद्या बुडातून काढा. एवढं झालं की झाड विरळ दिसायला लागतं आणि पुढचं काम सोपं होतं. उरलेल्या सगळ्या काड्या जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे साधारण गुडघ्याच्या उंचीवर आणा. कुंडीतलं झाड असेल तर फूटभर ठेवलं तरी चालतं.

नेमका काप कुठे घ्यायचा ते जरा जवळून बघा. मोगऱ्याची पानं काडीवर समोरासमोर, जोडीने येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत मोहरीच्या दाण्याएवढा डोळा असतो. म्हणजे एका पेरावर दोन डोळे. त्या जोडीच्या वर करंगळीच्या नखाएवढं अंतर सोडून सरळ आडवा काप घ्या. तिरका काप गुलाबाला, कारण गुलाबाचा डोळा एकाच बाजूला असतो; मोगऱ्याला तिरका घेतला तर दोनातला एक डोळा कापाच्या काठावर येतो आणि वाळून जातो. नीट घेतलेल्या एका कापाखालून दोन फुटी निघतात. वीस काड्यांच्या चाळीस होतात, आणि कळ्या या नव्या फुटींच्याच शेंड्याला लागतात. शेजारच्या सुनेला हे तिच्याच झाडावर दाखवलं, तेव्हा तिची छाटणीची भीती गेली.

उरलेली पानंही हाताने खुडून टाका. झाड अगदी खराटा दिसेल. घरातली मोठी माणसं बघून बोलतील, "मारलंस का गं झाड?" बोलू द्या.

छाटणीनंतर बुडाजवळची माती खुरप्याने तीन-चार इंच हलकी करा, मुळं दुखवू नका. दोन दिवस ऊन खाऊ द्या. मग जमिनीतल्या झाडाला एक घमेलं शेणखत, कुंडीला तीन-चार मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मातीत मिसळून भरपूर पाणी द्या. त्यानंतर डोळे फुटेपर्यंत पाणी बेताचंच, माती वरून सुकली की मगच. युरिया टाकू नका. युरियाने काडी लांब आणि लुसलुशीत होते आणि कळी रुसते. चहाचा चोथा घालायचाच तर धुऊन, सुकवून. साखरेसकट टाकलात तर मुंग्यांना आवतण दिल्यासारखं होईल.

दोन-तीन आठवड्यांत लालसर-हिरवे कोंब दिसायला लागतील. चार-पाच जोड्या पानं झाल्यावर शेंड्याला तीन-तीन कळ्यांचे झुपके येतात. रंगपंचमीला गावातल्या रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात, त्या सुमारास माझ्याकडे पहिल्या कळ्या दिसतात. एखादी काडी कळी न देता नुसतीच लांब वाढत असेल तर तिचा शेंडा चिमटीने खुडा. बाजूच्या फुटी निघतात आणि त्यांना कळ्या येतात.

आता सगळे विसरतात ते काम. पहिला बहार ओसरला की फूल येऊन गेलेली प्रत्येक काडी, पानांच्या दोन जोड्या खाली धरून, कापा. मूठभर गांडूळखत आणि पाणी. तीन-चार आठवड्यांत दुसरा बहार. मृगापर्यंत असे तीन बहार सहज मिळतात. गजऱ्यासाठी कळी दुपारनंतर, पांढरी टपोरी झाली पण उमललेली नाही अशी खुडावी. संध्याकाळी ती हातात उमलते.

कळ्या जांभळट होऊन गळत असतील तर आत अळी किंवा माशीची पिल्लं आहेत असं समजा. अशा कळ्या झाडाखाली पडू देऊ नका, गोळा करून पिशवीत बांधून टाका. एक लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण, असं आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारा. एप्रिलच्या उन्हात पानं धूळ बसल्यासारखी फिकट झाली आणि खाली बारीक जाळी दिसली तर तो कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारा, चार-पाच दिवस सलग. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

एक कळकळीची सूचना. द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागेत छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, त्वचेला आणि श्वासाला अपाय करतं. शेतात उरलेलं कुणी प्रेमाने आणून दिलं तरी घरच्या झाडाला लावू नका. मोगऱ्याला त्याची गरजही नाही.

अनंत आणि यस्टरडे-टुडे-टुमारो

अनंताच्या कळीची तयारी थंडीतल्या गार रात्रींमध्ये होते. म्हणून दिवाळीनंतर त्याच्याकडे कात्री घेऊन जायचंच नाही. एप्रिल ते जून फुलू द्या आणि शेवटची फुलं पिवळी पडली, की त्याच आठवड्यात छाटा. तेही हलकंच: फूल येऊन गेलेल्या काडीचा वरचा एक तृतीयांश भाग, आणि आत गर्दी करणाऱ्या एक-दोन जुन्या फांद्या. पावसाळाभर नवी काडी वाढते, पिकते, आणि पुढच्या वर्षी तीच फुलते. अनंताला पाण्यातली अनियमितता अजिबात सोसत नाही. चार दिवस गावाला जाऊन आलं की टपोऱ्या कळ्या काळ्या पडून गळालेल्या दिसतात. कळ्या असताना बुडाशी पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन ठेवा. राडारोड्याच्या मातीचा त्रासही यालाच सगळ्यात जास्त, हिराकसाची गरज पहिल्यांदा यालाच लागते.

यस्टरडे-टुडे-टुमारोचं फूल जांभळं उमलतं, दुसऱ्या दिवशी फिकट होतं, तिसऱ्या दिवशी पांढरं. झाडावर एकाच वेळी तिन्ही रंग. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात असतं. दुपारचं कडक ऊन त्याला नको, पूर्वेची बाजू बरी. छाटणी अनंतासारखीच, फुलं संपताच. याची फळं आणि बिया विषारी असतात, कुत्र्यांना तर फारच. घरात कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर धरलेली फळं तोडून टाका.

कुंदाचा बहार थंडीत सुरू होऊन वसंताच्या तोंडाशी संपतो. शिवरात्र झाली, फुलं थांबली, की झाड निम्म्यावर आणा.

बोगनवेल आणि मधुमालती

बोगनवेलीला आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे मधली बारीक पांढरी नळी. ही वेल जितकी लाड कराल तितकी हिरवी होते. मोठी छाटणी जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे. सप्टेंबरच्या शेवटी लांब गेलेले शेंडे खुडा आणि नोव्हेंबरपासून पाणी कमी करा. फेब्रुवारीत रंग भरतो. छाटताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, काटे उसळून लागतात. अंगठ्याएवढी किंवा त्याहून जाड फांदी कापली, तर कापावर बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. लोखंडी बादली नको.

मधुमालती जानेवारीअखेरीस मनसोक्त कापा, दोन-तीन मुख्य वेली ठेवल्या तरी पुरे. तिला काही होत नाही.

देवचाफ्याला मात्र हात लावू नका. त्याचा फुलोरा फांदीच्या अगदी टोकाला येतो. फांद्या नीटनेटक्या करायला म्हणून टोकं कापली, की त्या फांद्यांचं फूल लांबणीवर पडतं. गुलाबाचा हंगाम वेगळा, त्याची छाटणी ऑक्टोबरमध्ये, पावसाने उघडीप दिल्यावर.

पावसाळ्यात दाब कलम

जानेवारीत कापलेल्या मोगऱ्याच्या काड्या बरेच जण लगेच मातीत खोचतात. थंडीत त्यातल्या फार थोड्या धरतात. रोपं करायचीच तर जून-जुलैपर्यंत थांबा आणि दाब कलम करा, नवख्यालाही जमतं. झाडाच्या बुडातली, शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाची झालेली लवचीक काडी निवडा. तिच्या मधल्या पेराच्या खालच्या अंगाला सालीवर एक इंचाची हलकी चीर द्या, ते पेर दोन इंच मातीत दाबा, वर वीट ठेवा आणि शेंडा बाहेर मोकळा राहू द्या. पाणी पाऊसच घालतो. गणपती उठले की वीट बाजूला करून काडी हलकेच ओढून बघा. ओढ लागली म्हणजे मुळं धरली. आईझाडाच्या बाजूने कापा, पण लगेच उपटू नका. आठवडाभर तिथेच राहू द्या, मग मातीच्या गड्ड्यासकट कुंडीत घ्या. पहिलं वर्ष त्याच्या कळ्या खुडून टाका आणि काड्या वाढू द्या. दुसऱ्या संक्रांतीला त्याची पहिली छाटणी.